हळदीच्या पानांचे तेल जिवाणू मारते का, आणि साबणाच्या वेष्टनावर काय छापावे?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका स्वयंसाहाय्य गटाच्या ताईंनी विचारले आहे: श्रावणात पातोळ्यांसाठी पाने विकून झाली की उरलेल्या हळदीच्या पानांचे तेल आम्ही काढतो आणि साबणात घालतो. तपासणी करून घेतली तेव्हा स्टॅफिलोकोकसच्या ताटलीत तेलाभोवती स्वच्छ वर्तुळ आले, म्हणजे तिथे जिवाणू वाढले नाहीत, ई. कोलायच्या ताटलीत जेमतेम. आता वेष्टनावर ‘९९.९ टक्के जंतुनाशक’ छापावे का? आले, आंबेहळद, वेलची, कोळिंजन यांतले कुठले तेल मिसळले तर ताकद वाढेल? आणि काजूचा हंगाम संपल्यावर रिकामी राहणारी भट्टी या कामाला चालेल का?

वेष्टनाचे आधी सांगते, कारण छपाईचे पैसे एकदा गेले की गेले. हा दावा छापू नका. तुमच्या तेलात जिवाणूंची वाढ रोखण्याचा गुण आहे, ताटलीत दिसले ते खोटे नाही. पण ताटलीत तपासले गेले निव्वळ तेल, आणि गिऱ्हाईक हातावर घेणार साबण. या दोहोंत किती अंतर आहे हे घरगुती उत्पादने करणाऱ्या बायकांना कोणी बसून समजावून सांगत नाही. तपासणीचा कागद हातात देतात आणि पावती फाडतात. म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

सुरुवात कर्क्युमिनपासून करायला हवी. हळदीच्या औषधी गुणांबद्दल जे आपण ऐकतो, त्यातले बहुतेक या पिवळ्या द्रव्याबद्दल असते. फोगेल आणि पेलेटिये या रसायनशास्त्रज्ञांनी ते १८१५ साली हळकुंडातून वेगळे केले, आणि त्याचा जिवाणूरोधक गुण १९४९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. पण कर्क्युमिन वाफेबरोबर उडत नाही. भट्टीतून येणाऱ्या तेलात, मग ते पानांचे असो वा हळकुंडाचे, ते नसतेच. हळकुंडाच्या तेलाचा पिवळटपणा वेगळ्या घटकांचा असतो. तुमच्या माहितीपत्रकात ‘कर्क्युमिनयुक्त तेल’ असे वाक्य असेल तर ते काढून टाका. आणखी एक दाखला हल्ली बऱ्याच पत्रकांत दिसतो, तो पेटंटचा. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले होते. सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. त्या वेळी संस्थेचे महासंचालक होते माशेलला जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या प्रत्येकाला त्याचा अभिमान वाटावा असेच ते काम आहे, मला तर आहेच. पण तो वाद जखमेवर हळद लावण्याच्या जुन्या वापराचा होता. पानांच्या तेलाने हातावरचे जिवाणू मरतात हे त्यातून सिद्ध होत नाही.

मग पानांच्या तेलात असते काय? आपल्याकडच्या पानांत बहुधा अल्फा-फेलँड्रीन सर्वांत जास्त, त्याच्याबरोबर सिनिओल, टर्पिनोलीन, पॅरा-सायमीन. पातोळ्या उकडताना घरभर जो वास पसरतो तो याच मंडळींचा. काही वाणांत टर्पिनोलीनच पहिल्या नंबरावर असते. हळकुंडाचे तेल अगदी वेगळे: त्यात टर्मेरोन नावाचे जड घटक मुख्य असतात, आर-टर्मेरोन, अल्फा आणि बीटा. दोन्ही तेले एकाच झाडाची असली तरी रसायनाच्या दृष्टीने ती दोन वेगळी तेले आहेत, आणि एकावर झालेले संशोधन दुसऱ्याच्या खात्यावर लिहिता येत नाही. तुम्ही पाठवलेल्या कात्रणांतली दोन हळकुंडाच्या तेलाबद्दल आहेत. ती तुमच्या उपयोगाची नाहीत.

वाण, जमीन, पाने कापण्याचा महिना, पाने ओली होती की सुकलेली, भट्टी किती वेळ चालली, या सगळ्यांनी घटकांचे प्रमाण बदलते. कुळागरात, म्हणजे बागायतीत, माडा-पोफळीच्या सावलीत वाढलेली पाने आणि उघड्या वाफ्यातली पाने यांचे तेल सारखेच येईल असे गृहीत धरू नका. म्हणून पहिला खर्च करायचा असेल तर तो जीसी-एमएसवर करा, म्हणजे तेलाचे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर. तेलात काय आहे हे माहीत नसताना जिवाणूंवर ते काय करते हे तपासण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षीचे तेल वेगळे निघाले तर या वर्षीचा अहवाल कशाचा, हेच कळणार नाही.

आता हळदीच्या, म्हणजे आल्याच्याच, कुळातल्या बाकीच्यांबद्दल. आल्याच्या तेलात झिंजिबेरीन, आर-कर्क्युमीन (हे वरचे कर्क्युमिन नव्हे), बीटा-बिसाबोलीन असे जड घटक असतात. आल्याचा तिखटपणा ज्या जिंजेरॉलमुळे येतो ते वाफेबरोबर जवळजवळ येतच नाही, म्हणून आल्याचे तेल वासाला आले असते पण जिभेला तिखट लागत नाही. ताज्या आल्याच्या तेलात सिट्राल असते, तेच जे गवती चहात भरपूर असते. माझ्या मते आल्याच्या तेलातला जिवाणूंवर सर्वांत कामाचा घटक हाच. पण आले सुकवून तेल काढले तर सिट्राल बरेच कमी होते. वेलचीच्या तेलात सिनिओल आणि अल्फा-टर्पिनिल ॲसिटेट. काम बरे करते, पण वेलचीचा भाव पाहता साबणात घालायचे ते तेल नाही. आंबेहळदीला कैरीचा वास येतो तो मुख्यतः मायर्सीनमुळे, आणि मायर्सीन जिवाणूंवर दुबळे. वासासाठी घाला, ताकदीसाठी नको.

कोळिंजनाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तिथे फसगत होते. कोळिंजनाच्या गड्ड्यात एसिटॉक्सिचॅविकॉल ॲसिटेट नावाचे द्रव्य आहे. जिवाणू आणि बुरशी या दोघांवरही त्याचा चांगला परिणाम दिसतो. त्यामुळे कोळिंजनावरचे शोधनिबंध वाचले की वाटते, हेच घ्यावे. पण हे द्रव्य उकळत्या पाण्यात टिकत नाही, विघटन पावते. ज्यांना चांगले निकाल मिळाले त्यांनी बहुतेक वेळा अल्कोहोलसारख्या द्रावकात अर्क काढलेला असतो. वाफेवर काढलेल्या तेलात उरते ते मुख्यतः सिनिओल. कचोऱ्याच्या जातीतही असेच होते: फ्युरॅनोडाइनसारखे घटक उष्णतेने रूप पालटतात, गड्ड्यात एक असते आणि बाटलीत दुसरे येते. निबंध वाचताना ‘तेल’ की ‘अर्क’, हा शब्द आधी शोधा. पुष्कळ वेळा तिथेच उत्तर मिळते.

रानहळदीचे तेल काढू का, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. म्हादई अभयारण्यातून गड्डे खणून आणणे कायद्याने मना आहे, आणि त्यापलीकडेही, रानातल्या हळदीच्या जाती पानांवरून ओळखणे वनस्पतिशास्त्र शिकलेल्यालाही जड जाते. जात नक्की ठाऊक नसलेल्या झाडाचे तेल माणसांच्या अंगाला लागणाऱ्या वस्तूत घालू नये. तिरफळाचे मात्र निश्चिंत राहा, ते या कुळातले नाहीच. ते लिंबाच्या कुळातले आहे, त्याचा हिशेब वेगळा.

तेल जिवाणूला इजा कशी करते, हे समजले तर तुमच्या दोन ताटल्यांतला फरक आपोआप उलगडतो. या तेलांचे घटक पाण्यात विरघळत नाहीत, स्निग्ध पदार्थांत विरघळतात. जिवाणूच्या पेशीभोवतीचे पटल स्निग्ध असते. तेलाचे रेणू त्यात शिरतात, पटल ढिले पडते, आतले पोटॅशियम बाहेर गळू लागते, पेशीचे ऊर्जेचे कारखाने बंद पडतात. स्टॅफिलोकोकस, बॅसिलस अशा ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंना या पटलाबाहेर जाड पण सच्छिद्र भिंत असते. तेल तिच्यातून आत जाते. ई. कोलाय, साल्मोनेला, स्यूडोमोनास हे ग्रॅम-निगेटिव्ह. त्यांना आणखी एक बाहेरचे पटल असते आणि त्याच्या बाह्य पृष्ठावर साखरेच्या लांब साखळ्या असलेला लायपोपॉलिसॅकराइडचा थर. स्निग्ध रेणूंना तो अडवतो. स्यूडोमोनास तर आत आलेलेही पंपाने बाहेर फेकतो. म्हणून आल्याच्या कुळातली तेले साधारणपणे पहिल्या गटावर चालतात आणि दुसऱ्यावर कमी पडतात. तुमच्या ताटलीतले चित्र अगदी अपेक्षित आहे. साबणाच्या दृष्टीने त्यात एक अडचण आहे: शौचाहून आल्यावर हात धुवायचे ते ज्यांच्यासाठी, ते आतड्यातले जिवाणू बहुतांशी दुसऱ्या गटातले असतात.

ओवा, लवंग, ओरेगॅनो यांची तेले याहून बरीच जोरकस असतात, कारण त्यांत थायमॉल, युजेनॉल, कार्व्हॅक्रॉल असे फिनॉल वर्गातले घटक असतात. आल्याच्या कुळातल्या तेलांत ते मुख्य घटक म्हणून नसतात. म्हणून ‘सर्वांत ताकदवान कुठले’ या प्रश्नाचे उत्तर या कुळात शोधूच नये असे मला वाटते. ही तेले मध्यम ताकदीची आहेत. त्यांचे मोल दुसरीकडे आहे, त्याकडे येते.

आता ताटलीकडे. तुमच्याकडे झाली ती डिस्क डिफ्युजन पद्धत: अगार नावाच्या जेलीवर जिवाणू पसरायचे, ६ मिलिमीटरची कागदी चकती तेलात भिजवून मधे ठेवायची, दुसऱ्या दिवशी वर्तुळ मोजायचे. ही पद्धत बसवली गेली ती पाण्यात विरघळणाऱ्या प्रतिजैविकांसाठी. अगार म्हणजे बहुतांशी पाणी. त्यातून तेल नीट पसरत नाही; हलके घटक उडून जातात, जड घटक चकतीपाशीच बसतात. त्यामुळे वर्तुळाचा आकार तेलाच्या ताकदीइतकाच त्याच्या पसरण्यावर अवलंबून असतो. टर्मेरोनसारखा घटक खरोखर चांगला असला तरी लहान वर्तुळ देऊ शकतो, आणि उडून जाणारा घटक झाकणाखाली वाफ भरून मोठे वर्तुळ देऊ शकतो. शिवाय चकतीवर तेल किती मायक्रोलिटर घातले हे अहवालात लिहिलेले नाही. १० घातले की २०, याने वर्तुळ बदलते. अहवालात १४ मिलिमीटर लिहिले असेल तर त्यात चकतीचे ६ धरलेले आहेत की वगळलेले, हेही विचारून घ्या. दोन प्रयोगशाळांच्या वर्तुळांची तुलना तर करूच नका.

याहून बरी पद्धत म्हणजे द्रव माध्यमातली: तेल निम्मे निम्मे पातळ करत जायचे आणि कुठल्या सर्वांत कमी मात्रेला वाढ थांबते ते पाहायचे. या मात्रेला एमआयसी म्हणतात. प्रमाणित रीतीत म्युलर-हिंटन माध्यम, दर मिलिलिटरला सुमारे ५ लाख जिवाणू, ३५ अंश सेल्सिअस, १६ ते २० तास असे ठरलेले आहे. तेलासाठी ते जसेच्या तसे लागू पडत नाही. तेल पाण्यावर तरंगते म्हणून ते पाण्यात मिसळवणारे ट्वीन ८० किंवा डीएमएसओ घालावे लागते. मग नुसत्या ट्वीनची, तेल नसलेली एक रांग सोबत हवीच. ट्वीन जास्त झाले तर तेलाला आपल्यात ओढून घेते आणि तेल प्रत्यक्षापेक्षा दुबळे दिसते. आणखी एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी दुर्लक्षिली जाते: ९६ खळग्यांच्या ताटात एका खळग्यातल्या तेलाची वाफ शेजारच्या खळग्यात जाते, आणि जिथे तेल नाही तिथेही वाढ कमी झालेली दिसते. ताट नीट सील केले का, तेल नसलेले खळगे तेलाच्या रांगेपासून दूर ठेवले का, हे विचारा. तेलामुळे द्रव गढूळ दिसतो, म्हणून डोळ्यांनी वाढ ठरवण्याऐवजी रिसाझुरिन हा रंग वापरलेला बरा. जिवंत जिवाणू त्याचा निळा रंग गुलाबी करतात.

आकड्यांची जाणीव असावी म्हणून सांगते. स्टॅफिलोकोकसच्या प्रमाणित वाणाला जेंटामायसिन हे प्रतिजैविक रोखते ते मिलिलिटरला साधारण १ मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी मात्रेत. आपल्या या तेलांचे आकडे बहुतेक वेळा मिलिग्रॅममध्ये येतात. म्हणजे अंतर हजारपटीच्या आसपासचे. ‘प्रतिजैविकाला पर्याय’ असे कोणी म्हणाले की हा आकडा त्यांच्यापुढे ठेवा. शिवाय एमआयसी म्हणजे वाढ थांबली. जिवाणू मेले असे नव्हे. मेले का ते पाहायला त्याच खळग्यातला थेंब नव्या माध्यमावर लावून वाट पाहावी लागते.

आता साबणाचा हिशेब मांडू. साबणात तुम्ही २ टक्के तेल घालता असे लिहिले आहे. हात धुताना वडीतून फार तर ०.३ ग्रॅम साबण हाताला लागतो. त्यात तेल ६ मिलिग्रॅम. हातावरचे पाणी ५ मिलिलिटर धरले तर मिलिलिटरला १ मिलिग्रॅमहून थोडे जास्त. हा आकडा एमआयसीच्या आसपास पोचलाच, तरी एमआयसी मोजली आहे रात्रभर ठेवून, आणि हात आपण धुतो २० सेकंद. त्यातही साबणाचे फेसाळ कण तेलाला आपल्या पोटात धरून ठेवतात, जिवाणूंच्या पटलापर्यंत मोकळे तेल थोडेच पोचते. आणि साबण स्वतः अल्कली. ताज्या साबणात, कॉस्टिक अजून पुरते वापरले गेलेले नसताना तेल घातले तर टर्पिनिल ॲसिटेटसारखे एस्टर तुटतात, सिट्रालही बिघडते. हे सगळे मिळून पाहिले तर तुमचा साबण हात स्वच्छ करतो तो साबण असल्यामुळे. मळाबरोबर जिवाणू वाहून नेण्याचे काम साधा साबण उत्तम करतो, आणि तेल त्याला सुवास देते. यात कमीपणा वाटून घेऊ नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक द्रव्ये घरगुती हात-धुण्याच्या साबणांतून बाद केली. साध्या साबण-पाण्यापेक्षा ती सरस आहेत हे उत्पादक दाखवू शकले नाहीत, आणि रोज दीर्घकाळ वापरली तरी ती सुरक्षित आहेत हेही दाखवू शकले नाहीत. इतक्या मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांना जे जमले नाही ते २ टक्के पानांच्या तेलाने होईल असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

‘९९.९’ हा आकडा कानाला जितका मोठा वाटतो तितका तो नसतो, हेही एकदा पाहून घ्या. १० लाख जिवाणूंपैकी ९९.९ टक्के मेले तर मागे १,००० उरतात. युरोपात जंतुनाशकांची द्रवातली जी कसोटी आहे, ईएन १२७६, तिथे १० लाखांत १० उरावेत इतकी घट मागतात. हात धुण्याच्या जंतुनाशक द्रवांना तर ईएन १४९९ नुसार माणसांच्या हातांवर निरुपद्रवी ई. कोलाय लावून, साध्या साबणाशी तुलना करून दाखवावे लागते. असा काही प्रयोग तुमच्या साबणावर झालेला नाही. आणि आपला कायदा पाहा: अंगाला लावायच्या साबणाला सौंदर्यप्रसाधन म्हणून परवाना असतो. संसर्ग रोखतो, त्वचारोग बरा करतो असा दावा छापला की ती वस्तू औषधाच्या व्याख्येत जाते, आणि १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली त्याचे नियम, परवाना, तपासणी सगळे वेगळे. बांबोळीहून अन्न व औषध प्रशासनाचा माणूस येऊन विचारील तेव्हा ताटलीचा फोटो पुरणार नाही. वेष्टनावर हे लिहा: ‘सत्तरीच्या हळदीच्या पानांच्या तेलासह’. खरे आहे, दुसऱ्या कोणाकडे नाही, आणि पातोळ्यांची आठवण असलेला प्रत्येक गोवेकर ते वाचून वडी उचलून वास घेईल.

तेले मिसळण्याबद्दल. दोन तेले एकत्र केली की परिणाम वाढतो असे लोक सहज म्हणतात. तपासायची रीत ठरलेली आहे, चेकरबोर्ड म्हणतात तिला. त्यातून निघणारा निर्देशांक ०.५ किंवा त्याहून कमी आला तरच खरोखरीचा परस्परपूरक परिणाम मानतात. बहुतेक जोड्यांत नुसती बेरीज होते. एखादे जोरकस तेल मिसळले की मिश्रण चालते, पण ते त्या तेलामुळे.

भट्टीचे उत्तर: काजूची भट्टी जशीच्या तशी वापरू नका. तांब्याच्या भाणात, म्हणजे भट्टीच्या भांड्यात, पाने पाण्यात टाकून खाली जाळ घातला तर तळची पाने करपतात आणि तेलाला जळका वास लागतो. पाण्याच्या वर जाळी बसवून तिच्यावर पाने ठेवा, नुसती वाफ त्यांतून जाऊ द्या. थंड होऊन येणारे पाणी साध्या मडक्यात धरले तर तेल त्यात विखुरलेले राहून अर्धे वाया जाते. खालून पाणी सोडणारे आणि वर तेल राखणारे विभाजक भांडे लागते. हे फार महागडे नसते, वेल्डर करून देतो. पानांचे तेल पाण्यापेक्षा हलके आहे, थोडा वेळ दिला की स्वच्छ वेगळे होते. ओल्या पानांतून एक टक्काही तेल मिळत नाही, तेव्हा हा विभाजक नसला तर हाती काही लागत नाही. पण खरा अडसर वासाचा आहे. या तेलातल्या टर्पीन वर्गाच्या घटकांचा वास सांध्यांत, नळीत मुरतो. पुढच्या मार्चमध्ये त्याच भाणात हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या उतारीची दारू, उतरवला तर त्याला हळदीच्या पानाचा वास येईल. फेणीला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि ज्याची भट्टी आहे त्याचे वर्षाचे उत्पन्न त्या वासावर आहे. भाण वेगळे ठेवा. जमल्यास स्टीलचे घ्या.

एक सूचना वेळेबद्दल. हलके घटक पहिल्या तासात येतात, जड नंतर. पानांसाठी दोन-तीन तास पुरेत. पण उद्या हळकुंडाचे तेल काढायचे ठरवले तर तासाभरात भट्टी उतरवू नका. टर्मेरोन सावकाश येते, आणि अर्धवट थांबवलेल्या तेलात तेच नसते ज्यासाठी एवढी लाकडे जाळली.

तेल साठवण्याकडे फार दुर्लक्ष होते, आणि गोव्याच्या उकाड्यात ते महागात पडते. अल्फा-फेलँड्रीन हवेने आणि उजेडाने लवकर बिघडते. जुन्या तेलात पॅरा-सायमीन वाढलेले आणि पेरॉक्साइड तयार झालेले असतात. असे तेल त्वचेला लागले तर पुरळ, खाज, ॲलर्जी यांचा धोका ताज्यापेक्षा जास्त असतो. गडद काचेच्या बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, थंड जागी ठेवा. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीत अजिबात नको. बाटलीवर काढल्याची तारीख लिहा. निव्वळ तेल जखमेवर, भाजलेल्यावर लावू नका, कोणाला लावायला सांगू नका. सिनिओल असलेली तेले, म्हणजे पानांचे, वेलचीचे आणि कोळिंजनाचे, तान्ह्या बाळाच्या नाकापाशी किंवा तोंडावर कधीही लावू नयेत. श्वास अडखळू शकतो. पोटात घ्यायला तर मुळीच नाही. कालवणात हळदीचे पान घालणे आणि हजारो पानांचा सारांश थेंबाथेंबाने पिणे या अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

अन्न टिकवण्याबद्दलही तुमच्या गटात चर्चा झाली असे दिसते. ताटलीत चालणारी मात्रा अन्नात चालत नाही. खोबरे, मासळी, दूध यांतली चरबी आणि प्रथिने तेलाला धरून ठेवतात, मग मात्रा कित्येक पटींनी वाढवावी लागते, आणि तोवर पदार्थ खाण्याजोगा राहत नाही. बांगड्याला हळद-मीठ लावून ठेवतो तेव्हा टिकवण्याचे काम बरेचसे मीठ करते. पातोळी पानात गुंडाळली म्हणून दुसऱ्या दिवशी आंबायची थांबत नाही.

मग या तेलाचे खरे मोल कुठे? माझे मत विचाराल तर बुरशीकडे पाहा. अल्फा-फेलँड्रीन मुख्य असलेल्या हळदीच्या पानांच्या तेलाने ॲस्परजिलस फ्लेव्हसची वाढ आणि तिचे अफलाटॉक्सिन हे विष, दोन्ही रोखल्याचे प्रयोगशाळेतले काम प्रसिद्ध झालेले आहे. वाफेतून काम करणे हा या तेलांचा गुण ताटलीच्या कसोटीत त्रास देतो, पण बंद डब्यात, कपाटात, साठवणुकीत तोच कामी येतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातले चामडे, पुस्तके, सुपाऱ्या सगळ्यांवर बुरशी धरते. कपाटात ठेवायची सुगंधी पिशवी किंवा चकती, तोंडात न जाणारी आणि अंगाला न लागणारी, हे उत्पादन तुमच्या तेलाला साबणापेक्षा जास्त शोभेल, आणि तपासायलाही सोपे आहे: बंद डब्यात चामड्याचे तुकडे, काहींत तेल, काहींत नाही, पूर्ण पावसाळा. हळकुंडाच्या तेलातले आर-टर्मेरोन धान्यातल्या किड्यांना दूर ठेवते हेही जुने आणि चांगले तपासलेले निरीक्षण आहे. हळद धुऊन-उकडून झाल्यावर बारीक, विकली न जाणारी बोटे उरतात, त्यांचे तेल त्यासाठी काढता येईल.

साबणाचा दावा तरीही तपासायचाच असेल तर प्रयोगशाळेला असे लिहून द्या. एकाच खेपेला काढलेले तेल जीसी-एमएसला आणि जिवाणूंच्या चाचणीला जाऊ द्या. स्टॅफिलोकोकस ऑरियस, ई. कोलाय आणि स्यूडोमोनास यांचे प्रमाणित वाण, वाणाचा क्रमांक अहवालात. द्रव माध्यमातली एमआयसी, ट्वीनची वेगळी रांग, जेंटामायसिनची तुलना, निदान तीन वेळा स्वतंत्रपणे. आणि मुख्य म्हणजे दोन वड्या द्या: एक तेलाची, दुसरी त्याच साच्यातली, त्याच दिवशीची, तेल न घातलेली. कुठली कुठली ते प्रयोगशाळेला सांगू नका, ‘क’ आणि ‘ख’ एवढेच लिहा. दोन्हींच्या द्रावणांत जिवाणू ३० सेकंद आणि एक मिनिट ठेवून किती उरले ते मोजायला सांगा. ‘क’ आणि ‘ख’मध्ये फरक दिसला तर मला कळवा, पुढच्या चाचण्यांचा आराखडा मी करून देईन. नाही दिसला तरी तो अहवाल फाइलीत जपून ठेवा, आणि पिशव्यांचे काम येत्या जूनच्या आत सुरू करा.